जुन्या मिनी ट्रॅक्टरला हायड्रॉलिक लिफ्ट बसवताय? आधी पुढच्या चाकांचा हिशेब करा

पाटण : मोठा ट्रॅक्टर खाचरात वळत नाही आणि बैलजोडी सांभाळणे परवडत नाही. कोयना, मोरणा, तारळीच्या खोऱ्यांतल्या अनेक शेतकऱ्यांची ही अडचण आहे. डोंगरउताराला ताली घालून केलेली टप्प्याटप्प्याची शेती, काही गुंठ्यांचे तुकडे आणि मध्ये बांध. अशा रानात १० ते २० एचपीचा छोटा ट्रॅक्टरच कामाला येतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या शेतीवर नव्या ट्रॅक्टरचे कर्ज काढायचे की जुनाच ट्रॅक्टर नीट करून वापरायचा, हा प्रश्न त्यामुळे दर हंगामाआधी उभा राहतो.

जुन्या छोट्या ट्रॅक्टरची एक मोठी उणीव म्हणजे लिफ्ट. कंपनीचे बहुतेक मिनी ट्रॅक्टर लिफ्टसह येतात. पण पॉवर टिलरला सीट आणि मागची चाके जोडून केलेले, जीपचा गिअरबॉक्स आणि एका सिलिंडरचे डिझेल इंजिन घालून वर्कशॉपमध्ये उभे केलेले किंवा फार जुन्या बनावटीचे ट्रॅक्टर लिफ्टशिवाय असतात. त्यांच्यामागे नांगर जोडला की प्रत्येक बांधाला खाली उतरून तो हाताने उचलावा लागतो. मग कोणीतरी सुचवते, ‘हायड्रॉलिक बसवून घ्या.’

हे काम अशक्य नाही. पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह, टाकी आणि होस पाइप कराड, सांगली, कोल्हापूरच्या बाजारात मिळतात. मात्र ‘लिफ्ट किती किलो उचलेल’ या प्रश्नाआधी ‘अवजार उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन उरेल’ हे विचारायला हवे. उताराच्या रानात चालकाचा जीव या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असतो.

लिफ्ट म्हणजे नेमके काय?

इंजिनवर चालणारा पंप टाकीतले तेल ओढून दाबाने पुढे ढकलतो. चालकाने दांडा ओढला की व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरमध्ये सोडतो. सिलिंडरचा दट्ट्या बाहेर येतो, लिफ्टचे हात वर जातात आणि त्यांना जोडलेले अवजार उचलले जाते. दांडा उलटा केला की तेल टाकीत परत येते आणि अवजार स्वतःच्या वजनाने खाली बसते.

अवजार तीन ठिकाणी जोडलेले असते : खाली दोन लोअर लिंक आणि वर मधोमध एक टॉप लिंक. या रचनेचे श्रेय उत्तर आयर्लंडमधले अभियंता हॅरी फर्ग्युसन यांना दिले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात नांगर ट्रॅक्टरमागे गाडीसारखा ओढला जाई. तो दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसन यांनी नांगर आणि ट्रॅक्टर मिळून एकच यंत्र मानले. १९२६ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. १९३६ मध्ये ती फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ‘९ एन’ मॉडेलवर आली. आज जगभरचे ट्रॅक्टर याच तीन बिंदूंच्या जोडणीवर चालतात.

या जोडणीची खुबी टॉप लिंकमध्ये आहे. नांगर मातीत रुतून मागे ओढला जातो, तेव्हा त्याचा वरचा भाग पुढे झुकायला बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते. त्यामुळे नांगरट चालू असताना पुढची चाके जमिनीला धरून राहतात. नुसते दोन हात आणि एक साखळी लावून केलेल्या ‘लिफ्ट’मध्ये हा फायदा मिळत नाही. नांगर वर उचलला जातो, पण अडकला तर ट्रॅक्टर उलटण्याचा जुना धोका तसाच राहतो.

किती ताकद लागते?

येथे थोडे गणित करावे लागते. समजा, सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर होते. एक बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. १५० बार दाब दिला तर हा सिलिंडर जवळजवळ ३,००० किलोचा जोर लावतो. आकडा मोठा वाटतो, पण तो सिलिंडरच्या तोंडाशी असतो.

सिलिंडर १० सेंटिमीटर सरकल्यावर लोअर लिंकची टोके ५० सेंटिमीटर वर जात असतील, तर टोकाशी जोर एक पंचमांश म्हणजे ६०० किलो उरतो. घर्षण आणि राखीव म्हणून २० टक्के वजा केले तरी ४८० किलो मिळतात. छोट्या ट्रॅक्टरचे अवजार बहुधा १०० ते २०० किलोचे असते. म्हणजे १५० बार दाबाची येथे गरजच नाही.

हाच सिलिंडर ७० बारवर चालवला तर टोकाशी सुमारे २२० किलो उचलले जातात. लहान कामाला एवढे पुरते. पंपाचेही तसेच. ५० मिलिमीटरचा सिलिंडर १० सेंटिमीटर सरकायला साधारण २०० मिलिलिटर तेल लागते. मिनिटाला ६ लिटर देणारा पंप ते दोन सेकंदांत भरतो. ७० बारवर त्यासाठी सुमारे पाऊण किलोवॅट, म्हणजे साधारण एक एचपी लागते आणि तीही उचलण्यापुरतीच. १२ एचपीच्या इंजिनालाही हे जड नाही.

मग जास्त ताकदीची लिफ्ट का नको?

कारण ट्रॅक्टर स्वतःच हलका आहे. समजा, त्याचे वजन ७०० किलो आहे आणि त्यातले २८० किलो पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये १.४ मीटर अंतर आहे. मागच्या आसापासून ०.९ मीटर मागे १५० किलोचे अवजार लटकवले, तर सी-सॉप्रमाणे पुढच्या चाकांवरचे सुमारे ९६ किलो कमी होतात. उरतात १८४ किलो. सपाट रानात एवढ्यावर स्टिअरिंग चालते.

आता हाच ट्रॅक्टर अवजार उचलून १५ अंशांच्या चढाला लावा. जमिनीपासून ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य ०.६ मीटर आणि उचललेल्या अवजाराचा ०.७ मीटर उंच धरला, तर पुढच्या चाकांवर जेमतेम ८० किलो उरतात. एखादा दगड चाकाखाली आला, क्लच झटक्यात सुटला किंवा मागचे चाक खड्ड्यात गेले, तर तेवढ्याने पुढचा भाग हवेत जाऊ शकतो. ट्रॅक्टर मागे उलटायला फार वेळ लागत नाही. चालकाला उडी मारायची संधीही अनेकदा मिळत नाही.

याच ट्रॅक्टरला अवजाराच्या जागी सुमारे ४३५ किलो लटकवले, तर सपाट जमिनीवरही पुढची चाके उचलली जातात. १५० बारवर लावलेली लिफ्ट ४८० किलो उचलू शकते, हे वर पाहिले. म्हणजे नांगर मुळाला अडकलेला असताना दांडा ओढला, तर नांगर जागेवर राहील आणि ट्रॅक्टरचे नाक वर येईल. जास्तीच्या ताकदीचा उपयोग एवढाच.

वरचे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक ट्रॅक्टरचे वेगळे असतील, पण ते काढणे अवघड नाही. वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके चढवून दोन पावत्या घ्याव्यात. नंतर अवजार उचलून पुढच्या चाकांची तिसरी पावती घ्यावी. अवजार उचललेले असताना ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर असावे, हा सर्वसाधारण नियम आहे. ७०० किलोच्या ट्रॅक्टरला ते १४० किलो होते. उताराच्या रानात त्याहून जास्त हवे.

वजन कमी पडत असेल तर पुढे लोखंडी वजन लावता येते. वरच्या उदाहरणात पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे ४० किलो टांगले, तर चाकांवर सुमारे ५४ किलोची भर पडते. अवजार ट्रॅक्टरच्या जितके जवळ, तितका भारही कमी. त्यामुळे लोअर लिंक गरजेपेक्षा लांब करू नयेत.

कोणता पंप, कोणता व्हॉल्व्ह?

जुन्या गाड्यांचा पॉवर स्टिअरिंगचा पंप हा वर्कशॉपमधला लोकप्रिय पर्याय आहे. कमी दाबाच्या लिफ्टला तो चालू शकतो. गिअर पंप घेतला तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, फिरण्याची दिशा. गिअर पंप सहसा एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेला असतो आणि उलटा फिरवला की शाफ्टचे सील फुटते. दुसरी, पट्ट्याचा ताण. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट बाजूने येणारी ओढ सहन करायला बनवलेला नसतो. पुली थेट त्यावर बसवली तर बेअरिंग लवकर जाते. पुलीला स्वतंत्र बेअरिंग देऊन पंप कपलिंगने जोडावा.

बॅटरीवर चालणारे १२ व्होल्टचे पॉवर पॅकही मिळतात. ते बसवायला सोपे असतात, पण भाराखाली शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट खेचतात. जुन्या ट्रॅक्टरचा छोटा डायनामो ती भरपाई करू शकत नाही. दिवसातून दहा-वीस वेळा उचलायचे असेल तर ठीक, पण दर दोन मिनिटांनी बांध येणाऱ्या खाचरात बॅटरी दुपारीच उतरते.

व्हॉल्व्ह ‘ओपन सेंटर’ प्रकारचा हवा. म्हणजे दांडा मधे असताना पंपाचे तेल दाबाशिवाय टाकीत फिरत राहते. दुसऱ्या प्रकारचा व्हॉल्व्ह साध्या गिअर पंपाला लावला, तर तेल सतत रिलीफ व्हॉल्व्हमधून जाते, तापते आणि सील खराब होतात. रिलीफ व्हॉल्व्ह हा या यंत्रणेचा फ्यूज आहे. तो प्रेशर गेज लावूनच सेट करावा. ‘उचलत नाही’ म्हणून त्याचा स्क्रू आवळत जाणे म्हणजे फ्यूजच्या जागी तार घालण्यासारखे आहे.

टाकीतून पंपाकडे जाणारा पाइप जाड, आखूड आणि आत न चेपणारा असावा. पंपातून खडे दळल्यासारखा आवाज आला तर त्याला पुरेसे तेल मिळत नाही किंवा तो हवा ओढतो आहे, असे समजावे. परतीच्या पाइपवर फिल्टर असावा. एवढ्या छोट्या यंत्रणेला ६ ते ८ लिटरची टाकी पुरते. तेल ४६ किंवा ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल वापरावे. इंजिनचे जळके तेल गाळून टाकणे टाळावे, कारण त्यातले बारीक कण पंप घासून टाकतात.

उचलले, पण खोली कोण राखणार?

कंपनीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट दोन कामे करते. ती अवजार उचलते आणि नांगराची खोलीही राखते. माती कठीण लागली, ओढ वाढली की ती नांगर थोडा वर घेते. याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. बाहेरून बसवलेला सिलिंडर आणि साधा व्हॉल्व्ह हे दुसरे काम करत नाही.

दांडा मधे ठेवला की तेल अडकते आणि हात जागच्या जागी थांबतात. ट्रॅक्टरचे पुढचे चाक खड्ड्यात गेले की नांगर वर येतो, उंचवट्यावर चढले की खोल घुसतो. त्यामुळे व्हॉल्व्हला ‘फ्लोट’ स्थिती हवी. त्यात तेल दोन्ही दिशांना मोकळे फिरते आणि अवजार जमिनीचा चढउतार धरून चालते. खोली ठरवण्यासाठी अवजारालाच एक छोटे चाक लावावे. हे चाक आणि फ्लोट असेल, तर साध्या लिफ्टवरही सरी किंवा कुळवणी एकसारखी होते.

लिफ्ट बसवली म्हणजे रोटाव्हेटर चालेल, हा समजही चुकीचा आहे. त्याला पीटीओ शाफ्ट आणि पुरेशी एचपी लागते. या दोन्ही गोष्टी लिफ्टमुळे येत नाहीत.

वेल्डिंग कुठे नको?

लिफ्टचा सगळा भार मागच्या आसाच्या घरावर येतो. ते बिडाचे असेल तर थेट वेल्डिंगने तडा जातो. जीपच्या आसावर वेल्डिंग केले तर उष्णतेने घर वाकते आणि सील-बेअरिंग बिघडतात. जाड पट्ट्या आणि यू-बोल्टने आवळलेली ब्रॅकेट हा चांगला मार्ग. ती काढता येते, तडा गेला तर दिसते आणि ट्रॅक्टर पुन्हा मूळ स्थितीत आणता येतो.

मापे प्रमाणित ठेवावीत. भारतात बहुतेक अवजारे ‘कॅटेगरी १’ची असतात. त्यांच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ मिलिमीटरची आणि खालच्या दोन बिंदूंत सुमारे ६८ सेंटिमीटर अंतर असते. अगदी लहान गार्डन ट्रॅक्टरसाठी ‘कॅटेगरी ०’ असते. तिच्या पिना १६ मिलिमीटरच्या आणि अंतर सुमारे ५० सेंटिमीटर. मनाने मापे घेतली तर शेजाऱ्याचे किंवा भाड्याचे अवजार बसणार नाही.

या भागाला शेतीच्या लोखंडी अवजारांची जुनी परंपरा आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा लोखंडी नांगर हे तिथले मुख्य उत्पादन होते. लोखंडाने जमीन नासते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. तो नांगर चालला, कारण तो इथल्या मातीत आणि इथल्या बैलांच्या ताकदीला पेलला. जुन्या ट्रॅक्टरची लिफ्टही त्या ट्रॅक्टरच्या वजनाला पेलायला हवी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे वाहनातील बदलांबाबत कडक भूमिका घेतली. त्यामुळे चासी कापणे, आसांमधले अंतर बदलणे किंवा परवानगीशिवाय इंजिन बदलणे अंगाशी येऊ शकते. बोल्टने बसवलेल्या लिफ्टबाबतही काम सुरू करण्याआधी कराडच्या (एमएच ५०) किंवा साताऱ्याच्या (एमएच ११) परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नोंदणीच नसलेला घरगुती ट्रॅक्टर सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. अपघात झाला तर भरपाईचा प्रश्न थेट मालकावर येतो.

बसवावी की नवा घ्यावा?

इंजिन, क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंग चांगले असेल, अवजार दीडशे-दोनशे किलोपर्यंतचे असेल आणि वजनकाट्याचा हिशेब जुळत असेल, तर लिफ्ट बसवणे शहाणपणाचे ठरू शकते. ब्रेक लागत नसतील तर आधी ब्रेक. रोटाव्हेटरच हवा असेल किंवा रान तीव्र उताराचे असेल, तर जुन्या ट्रॅक्टरवर खर्च वाढवू नये.

नव्याची तुलना करताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तसेच कृषी यांत्रिकीकरण योजनेत ‘महाडीबीटी’ पोर्टलवर अर्ज करून, पात्रतेनुसार ४० ते ५० टक्के अनुदान ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळू शकते. अनुदानासाठी पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये.

काम करून घेताना आणि नंतर हे लक्षात ठेवा

• पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर, होस पाइप आणि फॅब्रिकेशन यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. होस पाइपवर छापलेला दाब रिलीफ व्हॉल्व्हच्या सेटिंगपेक्षा भरपूर जास्त असावा.

• पहिली चाचणी सपाट जागेवर, हलक्या वजनाने करा. अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटांत ते किती खाली येते ते पाहा. भराभर खाली आले तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

• मागे जड अवजार असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढा आणि उतरताना तोंड खाली ठेवा. अवजार गरजेपुरतेच, जमिनीच्या जवळ उचला.

• ओढायचे काही असेल तर ते मागच्या आसाच्या खालच्या हुकालाच जोडा. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओंडका किंवा फसलेली गाडी ओढली, तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

• उचललेल्या अवजाराखाली जाऊ नका. फाळ बदलायचा असेल तर आधी खाली लाकडी ठोकळे द्या. काम संपले की अवजार जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करा.

• गळती बोटाने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडीच्या आत शिरते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, पण काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधा. तेल शिरल्याची शंका आली तर मलमपट्टीवर न थांबता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

वजनकाट्याच्या तीन पावत्यांना लागणारा खर्च या सगळ्या कामात सर्वांत कमी आहे. पंप विकत घेण्याआधी तो करावा. पुढच्या चाकांचा आकडा जुळला नाही, तर पंपाचे पैसेही वाचतात.